'टू'च्या आधी कोण बसलंय ते बघा

'आय ॲम डिफिकल्ट टू कम टुमॉरो.' मराठीतून विचार करून इंग्रजीत लिहिलेल्या ईमेलमध्ये हे वाक्य, किंवा त्याचं एखादं भावंड, हमखास भेटतं. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, 'मला उद्या येणं कठीण आहे.' शाळेत शिकवलेला नियम त्याने इमानेइतबारे पाळलेला असतो. 'टू' लावलं, त्याच्यापुढे क्रियापदाचं मूळ रूप ठेवलं, 'कमिंग' केलं नाही की 'केम' केलं नाही. तरी वाक्य फसतं. आणि अगदी त्याच मापाचं 'आय ॲम हॅपी टू कम टुमॉरो' मात्र बिनतक्रार चालतं.

दोन्हींत 'टू कम' तेच आहे, बदललंय ते फक्त आधीचं विशेषण. आपल्याकडे इन्फिनिटिव्ह शिकवताना सगळा भर 'टू'च्या पुढे काय यावं यावर असतो. मागे कोण बसलंय याची चौकशी फारशी होत नाही. खरं तर पुढचा नियम पाचवी-सहावीतल्या मुलालाही जमतो. मोठ्या माणसांच्या चुका होतात त्या मागच्या शब्दामुळे.

इन्फिनिटिव्ह म्हणजे 'टू गो', 'टू ईट', 'टू प्लीज' अशी रूपं. त्यात क्रिया आहे, पण ती कोण करतोय आणि केव्हा, याचा पत्ता नाही. 'गोज' म्हटलं की करणारा तिसराच कोणीतरी एक आहे आणि काळ वर्तमान आहे, एवढं लगेच कळतं. 'टू गो'मधून यातलं काहीच कळत नाही. मराठीत 'जातो' आणि 'जाणे' यांत असतो तोच हा फरक. त्यामुळे वाक्यात इन्फिनिटिव्ह आलं की वाचणाऱ्याला दोन गोष्टी हुडकाव्या लागतात. क्रिया करणारा कोण? आणि क्रिया कोणावर तरी घडत असेल, तर तो कोण? ही उत्तरं आधीचा शब्द देतो, मग तो विशेषण असो, नाम असो, की 'फॉर हिम', 'ऑफ यू' असा शब्दयोगी अव्ययाचा तुकडा असो.

भाषाशास्त्रात यासाठी एक जोडी प्रसिद्ध आहे. नोम चॉम्स्की यांनी १९६०च्या दशकात ती चर्चेत आणली: 'जॉन इज ईगर टू प्लीज' आणि 'जॉन इज ईझी टू प्लीज'. दिसायला जुळी वाक्यं. पहिल्यात जॉन इतरांना खूश करायला उत्सुक आहे, म्हणजे खूश करणारा जॉन. दुसऱ्यात जॉनला खूश करणं सोपं आहे, म्हणजे खूश करणारे इतर आणि खूश होणारा जॉन. भूमिका पूर्ण उलटल्या, आणि त्या उलटवल्या फक्त 'ईगर'च्या जागी आलेल्या 'ईझी'ने. वाक्याच्या बाकीच्या बांधणीत त्याची खूणसुद्धा नाही.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही हे जन्मतः येत नाही. कॅरल चॉम्स्की यांनी पाच ते दहा वर्षं वयाच्या चाळीस मुलांवर केलेला अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांसमोर डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक बाहुली ठेवली होती आणि प्रश्न होता, 'इज द डॉल ईझी टू सी ऑर हार्ड टू सी?' बाहुली तर समोरच होती, सहज दिसत होती. पण लहान मुलं म्हणायची, 'हार्ड टू सी'. बाहुलीच्या डोळ्यांवर पट्टी आहे, तिला बिचारीला कसं दिसणार! मग 'ईझी टू सी' करून दाखव म्हटलं की ती पट्टी सोडायची. 'सी'चा कर्ता वाक्याच्या सुरुवातीलाच बसलेला असणार, असं त्यांनी धरलं होतं. पाच वर्षांच्या आसपासची मुलं अशी चुकत, नवाच्या पुढची बरोबर उत्तर देत, आणि मधल्या वयात काही जमलेली, काही न जमलेली. तेव्हा चाळिशीत इंग्रजी सुधारायला बसलेल्या माणसाने इथे अडखळल्याबद्दल फार लाज बाळगायचं कारण नाही.

तर 'ईझी', 'हार्ड', 'डिफिकल्ट', 'टफ', 'इम्पॉसिबल', 'डेंजरस', 'प्लेझंट' ही विशेषणं एका घरातली. त्यांच्या आधी वाक्याचा कर्ता म्हणून जे येतं, त्याच्यावर पुढची क्रिया घडते. 'धिस सम इज ईझी टू सॉल्व्ह', गणित सोडवलं जातं. 'दॅट रोड इज डेंजरस टू क्रॉस', रस्ता ओलांडला जातो. मराठीत ही रचना अगदी घरचीच आहे. 'हे गणित सोडवायला सोपं आहे', 'ही भाषा शिकायला सोपी आहे', 'तो डोंगर चढायला अवघड आहे'. 'सोपं', 'सोपी' असं विशेषणाचं लिंगसुद्धा गणिताप्रमाणे, भाषेप्रमाणे बदलतं. म्हणजे इथे मराठी माणसाला नवं काही शिकायचं नाही, फक्त आपल्याला हे आधीच येतं हे लक्षात घ्यायचं. आता 'आय ॲम डिफिकल्ट टू कम' का फसतं ते बघा. 'डिफिकल्ट'च्या आधी 'आय' बसवलं की ऐकणारा 'माझ्यावर' घडणारी क्रिया शोधू लागतो, आणि 'कम' ही क्रिया कोणावर घडतच नाही. 'आय ॲम डिफिकल्ट टू कन्व्हिन्स' म्हणालात तर वाक्य झकास आहे. अर्थ, मला पटवणं कठीण आहे.

दुसरं घर 'ईगर'चं. 'हॅपी', 'ग्लॅड', 'सॉरी', 'अफ्रेड', 'अँक्शस', 'रिलक्टंट', 'विलिंग', 'एबल'. इथे विशेषण कर्त्याच्या मनाबद्दल किंवा कुवतीबद्दल बोलतं आणि पुढची क्रियाही तोच करतो. 'शी वॉज सॉरी टू लीव्ह', वाईट तिलाच वाटलं आणि निघालीही तीच.

मराठी माणसाचा घोटाळा होतो तो 'मला'मुळे. आपण 'मला यायला आनंद वाटेल' म्हणतो आणि 'मला यायला अवघड आहे' असंही म्हणतो. दोन्हीकडे 'मला'. इंग्रजी मात्र या 'मला'ची दोन घरांत वाटणी करते. भावना किंवा तयारी असेल तर 'मला'चा 'आय' होतो: 'आय ॲम हॅपी टू कम'. कामाबद्दलचा शेरा असेल, म्हणजे काम सोपं, अवघड, गरजेचं, अशक्य, तर 'मला'चा 'फॉर मी' होतो आणि वाक्याच्या सुरुवातीला एक रिकामं 'इट' येऊन बसतं: 'इट इज डिफिकल्ट फॉर मी टू कम'. लिहिण्याआधी स्वतःला एवढंच विचारायचं, की हे विशेषण माझ्या मनाचं वर्णन करतंय की कामाचं? मनाचं असेल तर 'आय ॲम', कामाचं असेल तर 'इट इज'. 'इम्पॉर्टंट', 'नेसेसरी', 'पॉसिबल', 'कन्व्हिनियंट' ही सगळी कामाची विशेषणं. 'आर यू कन्व्हिनियंट टू मीट ऑन मंडे?' हे वाक्य ऑफिसांत इतकं रुळलंय की आपल्याला त्यात वावगं वाटेनासं झालंय. पण त्याचा सरळ अर्थ, सोमवारी भेटण्यासाठी तुम्ही सोयीचे आहात का, असा होतो. 'इज इट कन्व्हिनियंट फॉर यू टू मीट ऑन मंडे?' हवं.

या 'फॉर मी'कडे जरा थांबून बघू. इन्फिनिटिव्हला स्वतःचा कर्ता नसतो असं वर म्हटलं, पण हवा असेल तर तो असा बाहेरून आणता येतो, आणि आणताना 'फॉर'चा हात धरावा लागतो. 'इट इज राँग फॉर पेरेंट्स टू डिसाइड एव्हरीथिंग', ठरवणारे पालक. 'आय वेटेड फॉर द रेन टू स्टॉप', थांबणारा पाऊस. कर्ता सर्वनाम असेल तर 'फॉर ही' नाही, 'फॉर हिम', कारण 'फॉर'पुढे दुसरं रूप चालत नाही.

मग 'ऑफ' कधी? 'इट वॉज काइंड ऑफ यू टू हेल्प.' इथे 'काइंड' हा शेरा कामावर आहे आणि माणसावरही. मदत करणं चांगुलपणाचं होतं, आणि ती करणारे तुम्हीही चांगले. 'काइंड', 'नाइस', 'सिली', 'क्लेव्हर', 'फूलिश', 'रूड', 'जनरस', 'केअरलेस' अशी स्वभावाची विशेषणं असली की 'ऑफ' येतं. याची चाचणी सोपी आहे. वाक्य उलटून 'यू वर काइंड टू हेल्प' म्हणता आलं, तर 'ऑफ'. 'यू आर नेसेसरी टू हेल्प' म्हणता येत नाही, म्हणून तिथे 'फॉर'. 'गुड' हे विशेषण दोन्ही बाजूंना जातं आणि त्यामुळे मजा होते. 'इट इज गुड फॉर यू टू वॉक' हे डॉक्टर म्हणतात, चालणं तुमच्या तब्येतीला चांगलं. 'इट वॉज गुड ऑफ यू टू वॉक मी होम' हे पाहुणा म्हणतो, घरापर्यंत सोडायला आलात हा तुमचा चांगुलपणा. दोन अक्षरांच्या एका शब्दाने तब्येतीचा सल्ला आभारात बदलतो.

आता तिसरं घर, आणि हे खरं फसवं. 'लाइकली', 'सर्टन', 'शुअर', 'बाउंड'. 'ही इज लाइकली टू कम' याचा अर्थ तो येण्याची शक्यता आहे. इथे 'लाइकली' त्याच्या मनाबद्दल काहीच सांगत नाही आणि तो सोपा की अवघड हेही सांगत नाही. शक्यता आहे ती सगळ्या घटनेची. म्हणून तर 'इट इज लाइकली टू रेन' म्हणता येतं. पावसाला मन नाही, आणि त्या 'इट'ला तर शरीरही नाही. 'देअर इज लाइकली टू बी ट्रॅफिक इन द घाट' हेही चालतं. 'ईगर'ला हे कधीच जमणार नाही, कारण उत्सुक व्हायला कोणीतरी लागतं.

मराठीत शक्यतेसाठी 'शक्य' हा शब्द हाताशी असल्यामुळे आपण 'ही इज पॉसिबल टू कम' असं लिहून मोकळे होतो. पण 'पॉसिबल' 'लाइकली'च्या घरातलं नाही, ते कामाच्या विशेषणांतलं आहे. 'इट इज पॉसिबल फॉर हिम टू कम' म्हणजे त्याला येणं जमू शकेल, आणि 'इट इज पॉसिबल दॅट ही विल कम' म्हणजे तो कदाचित येईल. या दोनही अर्थांसाठी 'ही इज पॉसिबल' कुठेच लागत नाही.

'शुअर'ची गंमत वेगळीच. 'शी इज शुअर टू विन' आणि 'शी इज शुअर ऑफ विनिंग'. पहिल्यात खात्री कोणाला आहे? बोलणाऱ्याला. तिला स्वतःला धाकधूक असेलही. दुसऱ्यात खात्री तिला आहे, बोलणाऱ्याला ती पटलेली असेलच असं नाही. क्रिकेटच्या बातम्यांत किंवा निवडणुकीच्या वार्तांकनात या दोहोंची अदलाबदल झाली, तर पत्रकाराचं मत उमेदवाराच्या तोंडी जातं.

'अफ्रेड'लाही असे दोन दरवाजे आहेत. गडाच्या टोकावर उभं राहून कोणी म्हणालं, 'आय वॉज अफ्रेड टू गो निअर द एज बिकॉज आय वॉज अफ्रेड ऑफ फॉलिंग', तर दोन्ही बरोबर. जे आपण करणार होतो पण भीतीने कचरलो, त्याला 'टू'. जे आपल्या हातात नाही पण घडेल अशी धास्ती आहे, त्याला 'ऑफ'. कडेला जाणं आपल्या हातात होतं, पडणं नव्हतं.

आणि काही विशेषणं दोन घरांत पाय ठेवून असतात. 'द चिकन इज रेडी टू ईट' हे व्याकरणाच्या वर्गातलं जुनं उदाहरण: कोंबडीचा रस्सा तयार झालाय, की कोंबडीला दाणे टाकायची वेळ झालीय? मराठीत 'कोंबडी खायला तयार आहे' म्हणून बघा, संदिग्धता जशीच्या तशी टिकते.

विशेषणाच्या आधी 'टू' हा दुसराच शब्द, म्हणजे दोन 'ओ'वाला, 'अति' या अर्थाचा, आला की सगळ्यांना दहावीचा पेपर आठवतो. 'रिमूव्ह टू' हा प्रश्न. 'द टी इज टू हॉट टू ड्रिंक' याचं 'द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट' करायचं. बहुतेकांनी हे एक ठरावीक यंत्र म्हणून पाठ केलं, पण या यंत्रात एक गोष्ट लपलेली आहे. दुसऱ्या वाक्यात शेवटी 'इट' आहे, पहिल्यात नाही. कारण इन्फिनिटिव्हमध्ये 'ड्रिंक'चं कर्म आधीच वाक्याच्या सुरुवातीला चहा होऊन बसलंय, पुन्हा 'इट' म्हटलं तर एकाच चहाला दोनदा आमंत्रण होतं. 'दॅट'नंतर मात्र नवं, पूर्ण वाक्य सुरू होतं आणि त्यातल्या क्रियापदाला स्वतःचं कर्म आणि स्वतःचा कर्ता लागतो. म्हणून तिथे 'आय'ही अवतरतो. 'टू हॉट टू ड्रिंक इट' ही चूक ज्याला हे कळलं त्याच्याकडून सहसा होणार नाही. 'ओन्ली टू ग्लॅड टू हेल्प' यातलं 'टू' मात्र नकाराचं नाही, त्याचा अर्थ 'अगदी आनंदाने'. दहावीचं यंत्र तिथे लावलं, तर मदत करणारा मदत नाकारताना दिसेल.

'इनफ'चं एका वाक्यात सांगता येईल: विशेषणाच्या नंतर येतं, नामाच्या आधी. 'ओल्ड इनफ टू व्होट', पण 'इनफ मनी टू बाय अ फ्लॅट'. १९८९च्या आधी आपल्याकडे वीस वर्षांचा तरुण 'नॉट ओल्ड इनफ टू व्होट' होता, कारण मतदानाचं वय एकवीस होतं.

आता नामं. इन्फिनिटिव्ह नामाला लागून आलं की पहिला प्रश्न हा की नाम त्या क्रियेत कोणतं काम करतंय. 'अ बुक टू रीड' यात पुस्तक वाचलं जातं. 'अ मॅन टू फिक्स द टॅप' यात माणूस नळ दुरुस्त करणार. 'शी हॅज नोबडी टू हेल्प हर' म्हणजे तिला मदत करणारं कोणी नाही. शेवटचं 'हर' काढून 'शी हॅज नोबडी टू हेल्प' म्हटलं, की तिने मदत करावी असं कोणी उरलेलं नाही. अनाथ बाई एका शब्दाच्या फरकाने रिकामी समाजसेविका होते. या प्रकारात कर्माची जागा रिकामी आहे की भरलेली, एवढं बघितलं तरी अर्थ सापडतो.

'फर्स्ट', 'लास्ट', 'ओन्ली' आणि 'बेस्ट' सारखी रूपं आली की त्यांच्यापुढे इन्फिनिटिव्ह फार शोभतं, आणि तिथे नाम बहुधा क्रियेचा कर्ता असतं. 'राकेश शर्मा वॉज द फर्स्ट इंडियन टू ट्रॅव्हल इन स्पेस', १९८४. इथे नामाची निवड काटेकोर हवी, कारण 'फर्स्ट' कोणांमध्ये पहिला ते नामच ठरवतं. सचिन तेंडुलकरने २०१० साली ग्वाल्हेरला एकदिवसीय सामन्यात दोनशे धावा केल्या. त्याला 'द फर्स्ट मॅन टू स्कोर अ डबल हंड्रेड इन अ वनडे' म्हणणं बरोबर, 'द फर्स्ट पर्सन' म्हणणं चूक. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने महिलांच्या विश्वचषकात नाबाद २२९ धावा १९९७ सालीच काढल्या होत्या, आणि त्या कुठे, तर मुंबईत. आपल्याच शहरात झालेला विक्रम एका ढिल्या नामामुळे पुसला जातो.

काही नामांत इन्फिनिटिव्ह हा त्या नामाचा मजकूरच असतो. 'डिसिजन टू रिट्रीट': निर्णय काय, तर माघार घेण्याचा. 'प्रॉमिस', 'अटेम्प्ट', 'रिफ्यूझल', 'ऑर्डर', 'परमिशन', 'रिक्वेस्ट' ही अशीच. पण इथेही करणारा कोण हे नाम ठरवतं. 'द जनरल्स डिसिजन टू रिट्रीट' यात सेनापती स्वतः सैन्यासह मागे फिरतो. 'द जनरल्स ऑर्डर टू रिट्रीट' यात मागे फिरणारे सैनिक, सेनापती कदाचित तंबूतच बसून. वचन देणारा स्वतः वचन पाळतो, परवानगी देणारा स्वतः कुठे जात नाही. मराठीतल्या 'निर्णय', 'हुकूम', 'वचन', 'परवानगी' या शब्दांतही हे असंच आहे, त्यामुळे सवयीने जमून जातं.

नामापुढे 'टू' लावायचं की 'ऑफ' अधिक 'आयएनजी', यावर मात्र भरपूर गोंधळ आहे. याद्या पाठ करण्यापेक्षा वरची तीन घरं इथे कामाला येतात. 'ईगर'च्या घरातल्या विशेषणापासून नाम बनलं तर त्याला बहुधा 'टू' चालतं: 'ईगरनेस टू लर्न', 'ॲबिलिटी टू वर्क', 'विलिंगनेस टू मूव्ह', 'रिलक्टन्स टू स्पीक'. 'ईझी' आणि 'लाइकली'च्या घरांतल्या विशेषणांपासून बनलं तर चालत नाही: 'डिफिकल्टी इन सॉल्व्हिंग', 'पॉसिबिलिटी ऑफ लूझिंग', 'लाइकलीहूड ऑफ विनिंग'. १९७० साली नोम चॉम्स्की यांनीच याकडे लक्ष वेधलं होतं, की 'जॉन्स ईगरनेस टू प्लीज' म्हणतात पण 'जॉन्स ईझीनेस टू प्लीज' कोणी म्हणत नाही. म्हणून 'देअर इज पॉसिबिलिटी टू गेट जॉब' ही चूक आणि 'पॉसिबल'वाली चूक, दोन्हींचं मूळ एकच.

क्रियापदापासून बनलेली नामं बहुधा आईबापांच्या वळणावर जातात: 'डिसाइड टू', म्हणून 'डिसिजन टू'. 'होप' मात्र बंडखोर. क्रियापद असताना 'होप टू विन', नाम झालं की 'होप ऑफ विनिंग'. 'चान्स'चे दोन अर्थ दोन वाटांनी जातात. संधी असेल तर बहुधा 'टू': 'आय गॉट अ चान्स टू सिंग'. नुसती शक्यता असेल तर 'ऑफ': 'अ चान्स ऑफ रेन'.

'टू'मागे शब्दयोगी अव्ययाचा अख्खा तुकडाही येतो, आणि तो विशेषणासारखाच वागतो. 'आय ॲम नॉट इन अ पोझिशन टू कॉमेंट' हे मंत्र्यांचं आणि कंपनीच्या प्रवक्त्यांचं लाडकं वाक्य. 'इन नो मूड टू आर्ग्यू', 'अंडर प्रेशर टू रिझाइन', 'इन अ हरी टू लीव्ह'. ही सगळी 'ईगर'च्या घरातली मंडळी, कर्ता आणि करणारा एकच. यांबद्दल आणखी सांगण्यासारखं फारसं नाही.

सांगण्यासारखं आहे ते वाक्याच्या शेवटी लोंबकळणाऱ्या अव्ययाबद्दल. मराठीत 'बसायला खुर्ची', 'लिहायला पेन', 'बोलायला माणूस' एवढं पुरतं. खुर्ची'वर' बसतात, पेना'ने' लिहितात, माणसा'शी' बोलतात, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. इंग्रजी ते समजून घेत नाही. 'अ चेअर टू सिट ऑन', 'अ पेन टू राइट विथ', 'समवन टू टॉक टू'. शेवटचं अव्यय गाळलं तर 'अ चेअर टू सिट' हे अर्धवट लटकलेलं ऐकू येतं. आणि अव्यय बदललं की वस्तूच बदलते: 'समथिंग टू राइट ऑन' मागितलं तर कागद मिळेल, 'समथिंग टू राइट विथ' म्हटलं तर पेन, 'समथिंग टू राइट अबाउट' म्हटलं तर विषय. मराठीत तिन्हींना 'लिहायला काहीतरी दे' म्हणून भागतं आणि मग ऐकणारा विचारतो, 'काय, कागद की पेन?'

अव्यय पुढे आणायचं असेल तर 'विच' किंवा 'हूम' सोबत आणावं लागतं: 'अ चेअर ऑन विच टू सिट'. व्याकरणाला मान्य, पण बोलण्यात असं वापरलंत तर लोक तुमच्याकडे वळून बघतील. जागा, वेळ, पद्धत यांची सर्वसाधारण नामं या नियमातून सुटतात. 'अ हाउस टू लिव्ह इन' लागतं, पण 'अ प्लेस टू लिव्ह' चालतं. 'टाइम टू गो', 'अ वे टू डू इट' यांनाही शेपूट लागत नाही.

कर्म नामाच्या रूपात आधीच आलं असताना क्रियापद कर्तरी ठेवायचं की कर्मणी, हाही एक रोजचा पेच. मुंबईत फ्लॅटच्या गेटवर 'टू लेट' अशी पाटी असते. घर स्वतः काही भाड्याने देत नाही, ते दिलं जातं, तरी 'टू बी लेट' लिहीत नाहीत. शेजारीच मराठी पाटी असते, 'भाड्याने देणे आहे'. तिथेही 'दिले जाणे आहे' नाही. दोन्ही भाषा करणाऱ्याला, म्हणजे मालकाला, गृहीत धरतात. पण इंग्रजीत काही ठिकाणी दोन रूपांनी अर्थ वेगळा होतो. 'देअर इज नथिंग टू डू' हे सुट्टीत कंटाळलेलं पोर म्हणतं. 'देअर इज नथिंग टू बी डन' हे मेकॅनिक मान हलवत म्हणतो, आता काही उपाय नाही. मराठीत दोघेही 'करण्यासारखं काही नाही' म्हणू शकतात, म्हणून भाषांतरात इथे हमखास घसरायला होतं.

राहता राहिला तो 'टू' स्वतः. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाची दोन नामरूपं होती. एक साधं, 'डोन', म्हणजे करणे. दुसरं 'टू डोन्ने', आणि त्यातला 'टू' हा 'कडे, प्रति' अशा अर्थाचा सरळ शब्दयोगी अव्यय होता, आणि तो आला म्हणून 'डोन्ने'ला चतुर्थीसारखा प्रत्यय लागलेला. म्हणजे आपल्या 'करायला'मधला जो 'ला', जवळजवळ तोच हा. पुढे मध्ययुगात ते सगळे शेवट झिजून गेले, दोन्ही रूपं 'डू' झाली आणि 'टू' मागे उरला. 'कॅन', 'मस्ट', 'विल' यांच्यापुढे आजही 'टू' येत नाही ते या साध्या रूपाची आठवण म्हणून.

अडचण अशी की तो जुना, खरा अव्यय 'टू'ही भाषेत जिवंत आहे, आणि दोघे दिसायला सारखे. 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' ही चूक इथूनच येते. इथला 'टू' खरा अव्यय आहे, म्हणून त्याच्यापुढे नाम किंवा नामासारखं 'मीटिंग यू' हवं. ओळखायला 'टू'पुढे एखादं साधं नाम ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू द दिवाळी हॉलिडेज' चालतं, म्हणजे अव्यय. 'आय वॉन्ट टू द दिवाळी हॉलिडेज' चालत नाही, म्हणजे इन्फिनिटिव्हचा 'टू'. 'कमिटेड टू', 'ऑब्जेक्ट टू', 'ॲडिक्टेड टू', 'व्हेन इट कम्स टू' ही सगळी अव्ययवाली. 'यूज्ड टू' दोन्हीकडे सापडतो. 'आय यूज्ड टू ट्रॅव्हल बाय लोकल' म्हणजे मी पूर्वी लोकलने जायचो, आता जात नाही. 'आय ॲम यूज्ड टू ट्रॅव्हलिंग बाय लोकल' म्हणजे मला लोकलची सवय आहे, धक्के अजूनही चालूच आहेत.